माझ्या फोटोला हार

एका देशाचा मी सगळ्यात मोठा नट आहे. म्हणजे होतो. गोष्ट सुरू होते तेव्हा मी वारलेला असतो.

देशाचं नाव सांगता येत नाही, कारण ते बाहेर बोलणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. देश मुळात नाहीच. लंडनजवळच्या स्लाऊच्या बाहेर एका भल्यामोठ्या शेडमध्ये प्लायवूडला रंग मारून तो उभा केलेला. पण नसलेल्या देशाचंही नाव फोडायचं नाही म्हणजे नाही. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. एकदा हो म्हटलं की पाळायचं, यापुढचा कायदा मला येत नाही.

तिथे मी गेलो होतो भात वाढायला. आमचा मालक केटरिंगची कामं घेतो, लग्नं, ऑफिसं, वाढदिवस. त्याला या शूटिंगचं काम मिळालं आणि मी पातेली घेऊन रोज व्हॅनमधून जायला लागलो, भात तिथल्याच किचनमध्ये शिजवायचा. सांगलीकडच्या एका गावात हॉटेलात भांडी घासत सुरुवात केली, मग तव्यावर आलो, मग एका ओळखीने लेस्टरच्या रेस्टॉरंटमध्ये आचारी म्हणून, आणि आता इथे. या सगळ्या प्रवासात मला एकच गोष्ट नीट जमली, ती म्हणजे आभार मानणं. या देशाने मला ठेवून घेतलं याचं मला अजून खरं वाटत नाही, त्यामुळे मी सगळ्यांचे आभार मानतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे, कौन्सिलच्या माणसाने चुकीच्या खिडकीवर पाठवलं तरी त्याचे. सुपरमार्केटच्या सेल्फ-चेकआउटलाही मी थँक्यू म्हणतो. बायको म्हणते, "ते मशीन आहे ओ." मी म्हणतो, असू दे, उद्या काय होईल सांगता येत नाही.

आभार मानणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. मी दोघींनाही घरात घेतलेलं.

तर ती मालिका त्या देशाच्या सिनेमाधंद्यावरच होती. स्टुडिओचे मालक, नट्या, त्यांची भांडणं, आणि या सगळ्यांच्या वर एक सुपरस्टार, जो पहिल्याच भागाच्या आधी मेलेला. सेटवरच्या डिझायनरबाईंनी सगळा देश डोक्यातून काढला होता. नोटा, बसची तिकिटं, विड्यांची पाकिटं, आणि भिंतीभर जुन्या सिनेमांची पोस्टरं. जेवायला आल्या की त्या मला सांगायच्या. त्या देशात हिरो पहिल्यांदा पडद्यावर आला की लोक उभे राहतात. खलनायकाला मारत नाहीत, त्याला स्वयंपाक करायला लावतात. हे ऐकून मला जरा लागलं, पण मी छान म्हणालो. आणि प्रत्येक सिनेमाचा शेवट समुद्रावर होतो.

"का?" मी विचारलं.

"त्या देशाला समुद्र नाही म्हणून," त्या म्हणाल्या आणि आमटी अजून एक डाव मागून घेतली.

एक दिवस त्या आमटीची वाटी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, केस निघाला. मी सॉरी म्हणून टाकलं.

"तुझा चेहरा," त्या म्हणाल्या, "लोकांना नंतर ज्याची आठवण येत राहील असा आहे."

नंतर म्हणजे कशाच्या नंतर, हे विचारायला हवं होतं. मी तीनदा थँक्यू म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून भात मुरायला ठेवला की मी तो मेलेला सुपरस्टार म्हणून फोटो काढून घ्यायला जायचो. खलाशी झालो, न्यायाधीश झालो, पावसात भिजलेला प्रियकर झालो. माझ्या मिशा त्यांना फार आवडल्या. आमच्या हॉटेलात त्याच मिशांवर जाळी लावावी लागते. पोस्टरवर खाली त्या देशाच्या लिपीत काहीतरी छापलेलं असायचं. ती लिपीही बाईंनीच बनवलेली, कुणालाच वाचता येत नव्हती. मोठमोठी शिकलेली माणसं पोस्टरसमोर उभी राहून नुसती मान हलवायची, आणि मीही त्यांच्या शेजारी उभा राहून मान हलवायचो. कुठल्याही देशात मी इतका बरोबरीचा नागरिक झालो नव्हतो.

आता डॉक्टरसाहेबांबद्दल सांगायला हवं. लंडनमध्ये पिनरला राहणारे, मूळचे पुण्याचे, इथल्या हॉस्पिटलात जन्म घालवून रिटायर झालेले. एके वर्षी त्यांच्या घरच्या गणपतीला मी मोदक करून दिले आणि ओळख झाली. पुढे त्यांची मिसेस गेली, तेव्हापासून रविवारी ते आमच्याकडे जेवायला येतात. मला अरे म्हणतात, मी अहो म्हणतो. रिकामपण काढायला ते गर्दीतली कामं करतात, सिनेमात मागे हिंडणारी माणसं लागतात ना, ती. या मालिकेतही ते होते. मेडिकल कॉलेजात असताना नाटकात त्यांना बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे काहीतरी मोठं मिळेल अशी त्यांना आशा होती. त्यांना माझ्या ड्रायव्हरचं काम मिळालं.

"अरे, मी कन्सल्टंट होतो," फोटोसाठी गाडीचं दार धरून उभे राहताना ते मला म्हणाले.

"बसू का, साहेब?" मी विचारलं.

"बस आता. ते ओरडतायत."

त्यांच्या लक्षात एक गोष्ट पहिल्यांदा आली. शेडमधल्या जिन्यावर पातेलं घेऊन चढताना मी मध्येच थांबायचो. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मला जबरदस्तीने जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं. तिथून पुढे हॉस्पिटल, तपासण्या. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. अँजिओप्लास्टीची तारीख मिळाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, साधी गोष्ट आहे, मनगटातून तार घालतात, तू जागा असतोस, गप्पा मारत असतोस. मी म्हणालो, बरं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "साधं आहे म्हणजे किती साधं?" मी तिला मनगट दाखवलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि माझं तळण बंद केलं.

याच दिवसांत एका सकाळी मी चहाची किटली घेऊन नव्या सेटवर गेलो. तिथे एक चौक उभा केला होता, आणि चौकात माझा फोटो. पुरुषभर उंच, काळी चौकट, मी किंचित हसतोय. आणि फोटोला झेंडूचा हार. खाली समया, उदबत्त्या, फुलांचा ढीग.

मी किटली खाली ठेवली. आमच्याकडे भिंतीवर माणसाच्या फोटोला हार चढला की काय समजायचं, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. कुणाकडे पहिल्यांदा गेलं तरी आपण आधी फोटो बघतो. हार असला तर चहा पिताना आवाज कमी करतो.

बाई मागून आल्या. "कसं वाटतंय?"

आणि मी, ज्याची छातीची तारीख तोंडावर आली होती, तो मी म्हणालो, "लव्हली फ्लॉवर्स."

घरी मी काही बोललो नाही. रविवारी डॉक्टरसाहेब जेवायला आले. बायको भाकऱ्या थापत होती.

"काय वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या नवऱ्याची तिकडे पूजा चाललीय. हार काय, समया काय. एवढा मोठा फोटो लावलाय."

"कुणाच्या फोटोला हार?"

"याच्याच."

बायकोने गॅस बंद केला. भाकरी तव्यावर असताना तिने गॅस बंद केलेला मी लग्नापासून कधी पाहिला नव्हता.

"अहो, सिनेमा आहे तो," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मी जन्म हॉस्पिटलात काढला वहिनी. हाराने माणूस गेलेला मी एकही पाहिला नाही."

"आणि भिंतीवर हार घातलेला जिता माणूस किती पाहिलेत?"

डॉक्टरसाहेबांनी कांद्याची फोड उचलली आणि ती चावत बसले.

ती माझ्याकडे वळली. "उतरवा तो."

"अगं, मी कोण सांगणारा? मी भात वाढणारा माणूस."

"फोटो कुणाचा आहे?"

"माझा."

"मग?"

"त्यांनी एवढं विचारलं, एवढा मान दिला. आता असं सांगायचं म्हणजे उपकार विसरल्यासारखं होतं."

"ते तार घालायला नेतील तुम्हाला," ती म्हणाली, "तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसणार आहे. बसून मला तो फोटो दिसणार. तेवढा काढून घ्या. बाकी मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

हे खरं होतं. तिने काहीच मागितलेलं नव्हतं. वेअरहाउसमध्ये दिवसभर उभं राहून खोकी भरते, आणि घरी येऊन माझी मीठ-साखर बघते.

"मी सांगू का त्या बाईंना?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"नको. तुम्ही इंग्रजीत इतकं चांगलं सांगाल की ती तक्रार वाटेल."

सोमवारी मी ठरवून गेलो. बाई जेवायला आल्या. मी म्हणालो, "मॅडम, वन थिंग." त्या म्हणाल्या, हो, बोल. मी त्यांना जास्तीची भजी वाढली.

मंगळवारी मी नुसतं "मॅडम" म्हणालो आणि पापड दिला.

बुधवारी त्यांनीच विचारलं, "काही झालंय का? तू मला फार खायला घालतोयस."

मग मात्र माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. माझं इंग्रजी तसं किचनपुरतं आहे, हॉट, बिहाइंड, टू मिनिट्स. त्यात मला मरण, हार, बायको आणि हृदयाची नळी बसवायची होती. मी म्हणालो, फोटोवर फुलं म्हणजे माणूस संपला. मी म्हणालो, माझं हॉस्पिटल आहे. मी म्हणालो, वाइफ, चेअर. आणि शेवटी सॉरी, सॉरी, सॉरी.

बाई खाली बसल्या, माझ्याच बटाट्याच्या गोणीवर. आता नोकरी गेली, असं मला वाटलं. मालक मला भांड्यांवर पाठवणार, मग गावाला पाठवणार, आणि गावात मी काय सांगणार, की स्वतःच्या फोटोवरून आलो?

"उद्या शूट आहे," त्या म्हणाल्या. "अख्खा देश त्या फोटोसमोर रडणार आहे. हार काढला तर चौक रिकामा दिसेल." मग त्यांनी विचारलं, "जिवंत माणसाला तुमच्याकडे हार घालतच नाहीत?"

"घालतात ना. सत्कार असला की गळ्यात घालतात."

"मग तेव्हा चालतं?"

"तेव्हा माणूस तो लगेच काढतो."

"का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी डोळ्यांसमोर आणलं. शाळेचं गॅदरिंग, पतसंस्थेचा वर्धापनदिन, बदलून आलेला फौजदार. हार पडतो, टाळ्या वाजतात, आणि टाळ्या संपायच्या आत माणूस मान वाकवून हार काढतो, हातात धरतो, नाहीतर टेबलावर ठेवतो.

"लाजेने," मी म्हणालो. "हवा तर असतो, पण हवा होता असं दिसायला नको."

"आणि कुणी गळ्यात तसाच ठेवला तर?"

"तो पुढारी."

बाई हसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चल."

भात तसाच सोडून मी गेलो. मला परत सुपरस्टारचा फोटोतला कोट घातला, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाल्या, आता लाज. मला याच्यासाठी अभिनय करावा लागला नाही. मी मान वाकवली, हार काढला आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिलो, काय करायचं ते न कळून. फोटो निघाला. त्या देशाच्या सुपरस्टारचा सगळ्यांना माहीत असलेला फोटो आता हाच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या देशात नट किती मोठा, हे तो हार किती पटकन काढतो यावरून ठरतं, अशी भरही घातली. देश त्यांचा होता, त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं.

मी जिंकून घरी आलो. बायकोने ऐकून घेतलं.

"फोटोला हार नाही?"

"नाही. हातात आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या. फोटोत."

"समोर फुलं?"

"खाली, जमिनीवर आहेत."

"समया?"

मी पाणी प्यायलो.

"समया आहेत का, ओ?"

"आहेत."

"आणि उदबत्त्या."

"अगं, आता परत नाही जाऊन सांगता यायचं मला. एकदा सांगितलं त्याचाच घाम अजून वाळला नाही."

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी येते उद्या."

गर्दीला माणसं कमीच पडत होती. सकाळी मी बाईंना विचारलं, तर त्या आनंदाने हो म्हणाल्या. बायकोने सुट्टी टाकली होती. तिला त्या देशाच्या शोकाचा पोशाख दिला. त्या देशात दुखवट्याला पिवळं नेसतात. ते तिला पटलं नाही, पण ती नेसली. चौकात गेली, फोटोपुढे उभी राहिली आणि आधी हार नीट माझ्या हातात आहे ना, ते बघितलं. मग तिने वाकून समयांकडे पाहिलं. त्या बॅटरीवरच्या होत्या. उदबत्त्या कागदाच्या होत्या, धूर कुठूनतरी पाइपने येत होता. तिने एका समईला बोटाने टिचकी मारली आणि बऱ्यापैकी समाधानाने मागे जाऊन उभी राहिली.

मी किचनच्या दारातून बघत होतो. जेवणाची वेळ व्हायची होती, भात चुलीवर होता. दिग्दर्शकाच्या मदतनीस मुलीने भोंग्यावरून सगळ्यांना सांगितलं, हा माणूस तुमच्या घरातला होता. याचे सिनेमे बघत तुम्ही मोठे झालात. आज तो गेला. रडा.

आणि देश रडायला लागला. स्लाऊचे, साउथॉलचे, कुठकुठले लोक, पिवळ्या कपड्यांत, माझ्यासाठी ओक्साबोक्शी रडत होते. सगळ्यांत पुढे माझे ड्रायव्हर. टोपी छातीशी धरून डॉक्टरसाहेब असे हुंदके देत होते की कॅमेरा हळूहळू त्यांच्याकडे गेला. मला आधी वाटलं, शेवटी बक्षीस वसूल करतायत. मग त्यांचा खांदा ज्या तऱ्हेने हलत होता ते बघून मी नजर काढून घेतली. ते त्यांच्या मिसेसच्या वेळी रडले नव्हते. तेव्हा त्यांनी सगळ्यांना चहा हवा का विचारलं होतं.

बायको मात्र ताठ उभी होती. डोळे कोरडे, हाताची घडी, नजर माझ्या फोटोवर, जशी ती दूध उतू जाईल का म्हणून बघते तशी.

शूटिंग थांबलं. मदतनीस मुलगी तिच्याजवळ गेली. "तुम्ही ठीक आहात ना? थोडं दुःख दाखवता येईल का?"

"नो," बायको म्हणाली.

मुलीला वाटलं, भाषेची अडचण आहे. तिने डोळ्यांखाली बोटं फिरवून अश्रू दाखवले. "सॅड. ही इज डेड."

"ही इज नॉट डेड," बायको म्हणाली. तिने वळून सरळ माझ्याकडे बोट केलं. "ही इज मेकिंग राइस."

सगळा देश वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात झारा होता, डोक्यावर जाळीची टोपी, मिशांवर दुसरी जाळी. मला काय करावं सुचेना, मी झारा हलवला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नाक पुसत मला हात केला.

त्या मुलीने डिझायनरबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "राहू दे तिला. विश्वास न ठेवणारं एखादं माणूस सगळीकडे असतं."

मग परत सुरू झालं, आणि परत, आणि परत. दर वेळी देश रडला आणि दर वेळी ती तशीच उभी राहिली. मला तेव्हा आत कुठेतरी बरं वाटायला लागलं, नळीच्या आसपासच कुठेतरी. एवढी माणसं मी गेलो म्हणून मान्य करून बसली होती, आणि एक बाई ते मान्य करत नव्हती. मला एक नकार द्यायला तीन दिवस आणि भज्यांचा एक घाणा लागला होता. तिने तो एका शब्दात दिला, वर इंग्रजीत.

पुढच्या आठवड्यात तार घातली, नळी उघडली, मी जागा होतो आणि गप्पाही मारल्या. बायको बाहेर खुर्चीवर बसली होती. तिच्या शेजारी डॉक्टरसाहेब होते. साधी गोष्ट आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं, तरी पिनरहून भल्या सकाळी येऊन बसले होते, आणि बायको म्हणते, दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जाऊन येत होते.

पण त्या दिवशी, शूटिंगच्या, जेवणाची सुट्टी झाली तेव्हा रडून लाल झालेला तो सगळा देश माझ्यापुढे ताटं घेऊन रांगेत आला. जो तो माझ्याकडे हसून बघत होता, एकदोघांनी खांद्यावर थोपटलं. बायको रांगेतच आली, पुढे घुसली नाही. मी तिच्या ताटात भात वाढला, वर आमटी. तिने तिथेच उभ्याउभ्या एक घास खाल्ला.

"जरा गिचका झालाय," ती म्हणाली. "लक्ष कुठे होतं?"

"तिकडे," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि मागच्या माणसाला वाट देत बाजूला झाली.